एक दशांश गुण

बेल्डन, विस्कॉन्सिन
१२ सप्टेंबर २०१९

प्रिय डेल्मर,

माझं अक्षर अजून ओळखतोस का? एके काळी बसच्या पुढच्या सीटवरून मागे हातोहात चिठ्ठ्या यायच्या, त्यांवर नाव नसायचं, तरी तुला कळायचं. आता बोटं आखडतात, अक्षर वाकडं येतं, म्हणून आधीच सांगते. मी आर्डिस. आर्डिस पोल्झिन. तुझ्या डाव्या हाताला उभी राहून स्नेअर ड्रम वाजवणारी.

इकडची खबरबात सांगायची तर सांगण्यासारखं फार नाही. कागदाची गिरणी बंद होऊन नऊ वर्षं झाली. तिच्या ज्या पार्किंगमध्ये आपण उन्हाचे चटके खात कवायत केली, तिथं आता डांबर फोडून गवत वर आलंय. मी आणि रसेलने हार्डवेअरचं दुकान दोन वर्षांपूर्वी विकलं. माझा उजवा गुडघा बदललाय. तरी रस्त्यातून शाळेचा बँड गेला की पाय आपोआप ताल धरतो आणि मग रात्रभर ठणकतो. रसेल हसतो. म्हणतो, "म्हातारे, तुझी परेड संपली केव्हाच." तो बेल्डनचा नाही, त्याला त्या उन्हाळ्यातलं खरं काही ठाऊक नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं ते गेल्या वर्षी, लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर.

सत्याहत्तरचा उन्हाळा. तुला आठवतो का रे? मला तर एकेक दिवस आठवतो. चौसष्ट पोरं, दोन जुन्या बस, आणि गणवेश, पाणी, स्वयंपाकाची भांडी भरलेला एक ट्रक. तो माझे बाबा चालवायचे. गिरणीतली सगळी सुट्टी त्यांनी आपल्या पथकासाठी, बेल्डन रिव्हरमेनसाठी घालवली होती. शाळांच्या व्यायामशाळेत लाकडी जमिनीवर झोपायचं, पहाटे आपले प्रशिक्षक झीबेल सर यांची शिट्टी, शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच, मिठाच्या गोळ्या. आयोवातल्या त्या गावात अंगणाच्या नळीखाली आपण सगळे एकाच वेळी डोकं धरून उभे होतो आणि घरमालकीण बाई दारातून ओरडत होती, "अरे, माझ्या फुलांना तरी ठेवा थोडं पाणी!" माझ्या मांडीवर ड्रम आपटून आपटून हिरवानिळा डाग पडला होता. तू तो बघून म्हणालास, "हे आपलं पदक. आतल्या बाजूने लावायचं." मी अठरा वर्षांची होते. असलं काही कुणी बोललं की ते आयुष्यभर पुरेल असं वाटायचं.

ड्रमच्या ओळीत मी एकटी मुलगी. आपल्याच ओळीतल्या क्लेटनने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "ही पोरगी ड्रम उचलणार की ड्रम हिला?" तेव्हा तू म्हणालास, "ती माझ्या शेजारी उभी राहील. ज्याला अडचण असेल त्याने झांजा वाजवाव्यात." तुझा शब्द म्हणजे शब्द. झीबेल सरसुद्धा तुला विचारून बदल करायचे. अख्ख्या राज्यात तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यात खोटं काही नाही.

आणि आपण किती वर चढत गेलो होतो! जूनमध्ये सव्विसावे, जुलै संपताना पंधरावे. ऑगस्टच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिले बारा अंतिम फेरीला जाणार होते, आणि बेल्डनसारख्या गावाचं पथक त्यात जाईल असं पहिल्यांदाच लोक बोलायला लागले होते. गावातले लोक दुकानं बंद करून ओहायोपर्यंत गाड्या हाकत आले.

प्राथमिक फेरी दुपारी दोनला. तुला सगळं माहीत आहे, पण आज मला ते क्रमाने लिहायचंय. परीक्षक मैदानात आपल्यामध्येच फिरत होते, हातात पॅड, तोंडाशी छोटा रेकॉर्डर. प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कमी. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी, स्टिक फिरवताना, तुझ्या उजव्या हातातली स्टिक सुटली. घामाने सुटली, कुणाचीही सुटली असती. जादा स्टिकची पिशवी झीबेल सरांनी काढून टाकायला लावली होती, ओळ नीट दिसत नाही म्हणून. आणि आठ मोजल्यावर तुझा एकट्याचा तुकडा होता. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आर्डिस! दे! दे ना लवकर!" मी दिली. विचारसुद्धा केला नाही. पुढची सगळी साडेचार मिनिटं मी एका हाताने वाजवलं, दुसरा हात रिकामा फिरवत, लांबून कळू नये म्हणून.

आपण तेरावे आलो. एक दशांशाने.

बसजवळ झीबेल सर मैदानातून उचललेली ती स्टिक घेऊन उभे होते. "कुणाची?" एवढंच विचारलं त्यांनी. तुझ्या हातात दोन होत्या. माझ्या हातात एक. चौसष्ट पोरांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि तू आपल्या पांढऱ्या बुटांकडे. मी थांबले होते, डेल्मर. मला वाटलं, तू श्वास घेतोयस, आता बोलशील. मग सर म्हणाले, "बसमध्ये बसा," आणि सगळे बसले. त्या रात्री डिझेल भरायला थांबलो तेव्हा तू माझा दंड धरून म्हणालास, "घरी पोचलो की सांगतो सगळ्यांना. आत्ता पोरं फार चिडलीत. तू समजून घे." मी समजून घेतलं. तू मात्र उरलेला प्रवास शेवटच्या सीटवर जाऊन बसलास.

घरी पोचल्यावर आठव्या दिवशी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सभा झाली. आईवडील, पोरं, गावातली निम्मी माणसं. बाबा माझ्या शेजारी होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तू उभा राहिलास. मला वाटलं, आला तो क्षण. आणि तू काय म्हणालास? "आर्डिसला कुणी बोलू नका. चूक कुणाच्याही हातून होते. मी तिला माफ केलंय, तुम्हीही करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस बर्गमन रडल्या. माझी आई तुझा हात हातात घेऊन म्हणाली, "फार मोठ्या मनाचा आहेस रे बाबा." मी तिथंच खुर्चीत होते. मी जिवंत होते, माझे कान चालू होते.

तू गप्प राहिला असतास तर कदाचित मी कधीतरी विसरले असते. माणूस घाबरतो, एकोणिसाव्या वर्षी तर घाबरतोच. पण तू मला माफ केलंस!

त्या संध्याकाळी ओसरीवर मी बाबांना खरं सांगितलं. एकदाच, पहिलं आणि शेवटचं. ते म्हणाले, "पोरी, झाली चूक तर झाली. पण ती त्या मुलावर ढकलू नकोस. त्याने तुझी बाजू घेतली सगळ्यांसमोर." माझे बाबा कधी आवाज चढवून बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यातला माझा गणवेशातला फोटो भिंतीवर नव्हता.

पुढच्या वर्षी पोरं जमली नाहीत, पथक बंद पडलं, आणि ते माझ्यामुळे बंद पडलं असं गावाने ठरवून टाकलं. तू तोवर कॅलिफोर्नियाला निघून गेला होतास, मोठ्या पथकात. मी इथंच राहिले. किराणा दुकानात अंड्यांचा खोका घेतला की काउंटरवरचा म्हणायचा, "सांभाळून हं आर्डिस, पडतील." चर्चमध्ये कुणाचं बाळ कडेवर घ्यायला पुढे झाले की आई हसत हसत बाळ मागे घ्यायची. थट्टाच होती. बेल्डनमध्ये कुणी दुष्ट नाही. ती थट्टा अकरा वर्षं चालली, आणि मग नवीन लोक आले तेव्हा त्यांना कुणीतरी ती शिकवली.

अठ्ठ्याण्णवमध्ये बाबा गेले, तेव्हा तू आलास. चांगला काळा सूट. शवपेटीला खांदा दिलास. कबरीपाशी मी तुला बाजूला घेऊन विचारलं, "आता तरी आईला सांगशील? एवढ्या एका माणसाला?" तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "आर्डिस, इतक्या वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलीस? आपण पोरं होतो." मग आत जाऊन बटाट्याचं सॅलड खाल्लंस. मी पाहिलं, दोनदा घेतलंस.

गेल्या नोव्हेंबरमध्ये झीबेल सर वारले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. त्यांची मुलगी लॉइस तळघर रिकामं करत होती. ती एक जाड पाकीट घेऊन दारात आली. म्हणाली, "बाबांनी वर तुझं नाव लिहिलंय. किती जुनं आहे, देव जाणे. पाकिटावरची चिकटपट्टी पिवळी पडलीय." आत एक कॅसेट होती. परीक्षकांच्या कॅसेट स्पर्धेनंतर प्रशिक्षकाला द्यायचे, चुका समजाव्यात म्हणून. आठवतं ना? ती आपल्या ड्रमच्या परीक्षकाची होती.

रसेलने माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. आधी खरखर, मग बिगुल, मग आपण. किती छान वाजवत होतो आपण! आणि मग त्या अनोळखी माणसाचा आवाज, अगदी जवळून: "मधला स्नेअर, स्टिक पडली, एक दशांश." त्यामागोमाग तुझा आवाज. "आर्डिस! दे! दे ना लवकर!" स्वच्छ. आत्ता स्वयंपाकघरात उभं राहून बोलल्यासारखा. पुन्हा तो परीक्षक: "शेजारच्या मुलीने आपली दिली. अरे, ही पोरगी एका हाताने वाजवतेय. सगळं एका हाताने! हिचं मी काही कापणार नाही. शाब्बास, पोरी."

एक्केचाळीस वर्षं ते "शाब्बास" एका तळघरात पडून होतं. म्हणजे झीबेल सरांना घरी परतायच्या आधीच माहीत होतं. सभेत ते तुझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. तुझ्या नावावर त्यांना पुढच्या वर्षासाठी पोरं गोळा करायची होती, एवढंच कारण असावं. पण मेलेल्या माणसाचं मी काय वाकडं करणार? तू अजून आहेस.

रसेल म्हणाला, "सोडून दे आता." मी म्हटलं, "सोडायला ती काय स्टिक आहे?" तरीही मी कॅसेट कपाटात ठेवली होती, खरंच. आईसुद्धा राहिली नव्हती. कुणाला ऐकवायची? मग फेब्रुवारीत क्लेटनने जुन्या वादकांच्या वार्तापत्राचा अंक आणून दिला. पानभर तुझी मुलाखत. पुढाऱ्याने क्षमा कशी करावी, हे तू शेकडो मुलांना शिकवतोस म्हणे, आणि उदाहरण देतोस ते "माझ्या ओळीतल्या एका मुलीचं, जिच्या हातून आमची अंतिम फेरी निसटली." नाव घेतलं नाहीस. किती मोठं मन!

तेव्हा आता या पत्राचं कारण. बेल्डनने उद्या तुझा सत्कार ठेवलाय, जुन्या पथकाची पोरं लांबलांबून आलीत, तू बायको, दोन्ही मुलगे आणि सहा विद्यार्थ्यांना घेऊन आला आहेस. तुझं नाव समितीला कुणी सुचवलं, हे तू विचारलं नसशील. मी सुचवलं. तुझ्या गुणांबद्दल दोन पानं लिहिली, मनापासून. गेल्या रविवारी समितीच्या नऊ जणांना मी कॅसेट ऐकवली. क्लेटन टेबलावर डोकं ठेवून बसला, मग म्हणाला, "कार्यक्रम रद्द करू." मी म्हटलं, मुळीच नाही. जेवण होईल, ढाल देतील, भाषण होईल. मी फक्त तुझ्या भाषणानंतरची चार मिनिटं मागून घेतली, आणि हे पत्र तू पोचलास की मोटेलच्या काउंटरवर तुझ्या हातात द्यावं असं सांगून ठेवलं. तुला एक संधी आहे. उद्या माइकपुढे तू स्वतः सगळं सांगितलंस, माझ्या बाबांचं नाव घेऊन सांगितलंस, तर कॅसेट माझ्या पर्समध्ये राहील. आज रात्रीच निघून गेलास तरी ती वाजेल, आणि मला पुन्हा एकदा माफ केलंस तरी वाजेल. न्यायाची गोष्ट म्हणून ही संधी देतेय. मनातलं विचारशील, तर तू ती घेऊ नयेस असं मला वाटतं. तुझ्या मुलांचे चेहरे तुझ्याकडे वळतील तेव्हा तू कुठे बघतोस, ते मला पहिल्या रांगेतून पाहायचंय.

एका उन्हाळ्यापुरती तुझीच,
आर्डिस