भावकीतले काका

हिरोशिमा, १२ ऑक्टोबर

सौ. लीला, तुला आणि कागलच्या घराला इथून नमस्कार.

आपली तेजस्वी कॉलेजच्या सहलीबरोबर सुखरूप पोचली. जेवते की नीट. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तिनं आठवणीनं दिली. तुझा गुडघा कसा आहे?

कारखान्यात रजा टाकून मी इस्त्रीच्या शर्टात दहाला दहा कमी असतानाच शांतता संग्रहालयाच्या दारात उभा होतो. ती मैत्रिणींना म्हणाली, "हे आमच्या भावकीतले काका. बाबा टोकियोला इंजिनिअर आहेत, त्यांना सुट्टी नाही." मी मान हलवली. बावीस वर्षं लेथ चालवली, जपानी भाषा पुस्तकावरून एकटा शिकलो. पण डिग्रीचा कागद नाही, म्हणून काका.

आत लहान पोराची जळलेली तीनचाकी सायकल आहे. बापानं ती पोराबरोबरच पुरली होती, चाळीस वर्षांनी उकरून इथं दिली. पाटीवरचं सगळं मीच मुलींना मराठीत सांगितलं. एकीनं विचारलं, "काका, तुम्हाला मुलं किती?" तेजस्वी खाली बघत राहिली. म्हटलं, "एकच मुलगी. ती गावाकडं असते."

दुपारी नदीकाठानं भाड्याच्या सायकली काढल्या. तेजस्वीची साखळी उतरली. मैत्रिणी पूल ओलांडून पुढं गेल्या होत्या. मी खाली बसून साखळी चढवली, मागचं चाक दोन सूत मागं ओढून नट आवळले. आता उतरायची नाही.

सायकलवर बसता बसता ती म्हणाली, "थँक्यू, काका."

तिथं ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं, लीला.

तुझा,
आकाराम