लांबून दिसणारा पिवळा

प्रिय वकीलसाहेब,

पहिली बातमी ही की ट्रॅक्टरला रंग लागला, आणि तो वाळलाही. बोट लावून पाहिले. बोट कोरडे निघाले. आपल्यातला करार तुला पाठ आहेच, तरी पुढचा वाद टाळण्यासाठी तो पुन्हा नोंदवतो. तुझ्या आईचा ट्रॅक्टर गंजलेल्या अवस्थेत टाकून मी घर सोडणार नाही. तो दुरुस्त होऊन त्याला रंग लागला, की शेत शेजाऱ्याला कसायला देईन, दाराला कुलूप लावीन आणि तुझ्याकडे कायमचा राहायला येईन. हे वचन मी पूर्ण शुद्धीत दिले होते, आणि त्याची अट आता पूर्ण झाली आहे. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एवढ्या वेळात लोक आगबोट रंगवून समुद्रात सोडतात." ते विधान तुला मागे घ्यावे लागेल. आगबोटीला मडगार्ड नसतात.

आपल्या घराचा नियम तू विसरली नसशीलच. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची मांडायची, आणि ती अशी मांडायची की त्याने मान डोलवून म्हणावे, मला नेमके हेच म्हणायचे होते. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि ही शिस्त घरी आणली. तुझी आई शेत सांभाळायची. तिने ही शिस्त हसत हसत सोसली. "आमच्याकडे मीठ हवं असेल तर आधी अळणी खाण्याचे फायदे सांगावे लागतात," असे ती आल्यागेल्याला ऐकवी. तू मात्र त्या नियमातच वाढलीस. शिक्षणासाठी दूर जायचे होते तेव्हा जेवणाच्या टेबलापाशी उभे राहून न जाण्याची कारणे तू अशी काही मांडलीस की आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग नकोच जाऊस, बाई." तुझा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. त्या दिवसापासून ती तुला वकीलसाहेब म्हणू लागली. पुढे तू दातांची डॉक्टर झालीस, म्हणजे ज्याच्याशी वाद होण्याचा संभव, त्याचे तोंड आधीच कापसाने भरून ठेवण्याचा व्यवसाय पत्करलास. त्यातली दूरदृष्टी मला उशिरा कळली.

तेव्हा नियमाप्रमाणे प्रथम तुझी बाजू. मी एकटा राहतो. गेल्या वर्षी मागच्या पायरीवरून घसरलो आणि ते तुला माझ्याकडून नव्हे, शेजाऱ्याकडून कळले. म्हणजे माझ्या 'सगळे ठीक आहे' या विधानाची विश्वासार्हता तिथेच संपली. मी दोन खोल्यांत राहतो आणि उरलेल्या घरात धूळ राहते. तुझ्याकडे माझी खोली तयार आहे, खिडकीत सकाळचे ऊन येते, जावईबापूंनी स्वतःच्या हाताने पुस्तकांचे कपाट ठोकले आहे. त्याची फळी किंचित कललेली असली तरी हेतू सरळ आहे. सर्वांत मोठा मुद्दा तू कधीच उच्चारत नाहीस. फोन वाजत राहिला आणि मी उचलला नाही, की तुझा हात थांबतो. खुर्चीतला माणूस आ वासून बसलेला असतो आणि तू खिडकीकडे बघत असतेस. मुलीला असे धास्तावून ठेवण्याचा अधिकार बापाला नाही. यात काही सुटले असेल तर कळव. माझ्या मते सुटलेले नाही.

आता रंगाविषयी. मिस्त्रीने इंजिन सुरू करून दिले आणि आम्ही पत्रा खरवडायला घेतला. उन्हाने फिकट पडलेल्या पिवळ्याखाली कारखान्याचा गडद निळा निघाला. तिथे प्रश्न उभा राहिला. जुन्या वस्तूला तिचे मूळ रूप परत द्यायचे, हे सर्वमान्य. पण मूळ कोणते? ती कारखान्यातून निघाली तेव्हाचे, की ती आपली झाली तेव्हाचे? तुला पिवळाच आठवतो, कारण निळा तुझ्या जन्माआधीचा. लग्नानंतरच्या दिवसांत मी दुपारचा वर्ग आटोपून चहाची किटली घेऊन तुझ्या आईकडे शेतात जात असे. माझ्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या, आणि झाडांच्या सावलीतून निळा ट्रॅक्टर वेगळा काढणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. एके दिवशी मी शेजाऱ्याच्या शेतात शिरलो आणि त्याच्या ट्रॅक्टरवरच्या आकृतीला मोठ्या प्रेमाने "अगं, उतर ना खाली" अशी हाक मारली. शेजारी उतरला. त्याने चहा सावकाश पिऊन घेतला आणि मग सांगितले. त्याच आठवड्यात तुझ्या आईने ब्रश हातात घेतला आणि चाकांपासून सायलेन्सरपर्यंत सगळा ट्रॅक्टर पिवळा करून टाकला. "आता चुकून दाखवा," एवढेच म्हणाली. त्यानंतर मी कधी चुकलो नाही.

असे असूनही रंगाच्या दुकानात मी घोटाळा केलाच, आणि तो आपल्या नियमामुळे झाला. दुकानाच्या मालकीणबाई निळ्याच्या बाजूच्या. "सर, जुन्या मशिनला कंपनीचाच रंग शोभतो. हा पिवळा म्हणजे रस्ता खोदायचं काम चालू आहे ना, त्याची पाटी!" मला पिवळा हवा होता, म्हणून अर्थातच मी प्रथम निळ्याची बाजू घेतली. वस्तूच्या इतिहासाला मालकाच्या लहरीहून अधिक मान असावा. निळ्यावर धूळ शोभते, पिवळ्यावर ती मळ ठरते. आणि ज्याने यंत्र घडवले त्याने रंगाचाही विचार केला असणार. बाईंनी शेडकार्ड मिटले. "अहो सर, माझं म्हणणं मलासुद्धा इतकं पटलं नव्हतं!" मी 'परंतु' म्हणण्यासाठी दम घेतला. नेमक्या त्या क्षणी मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीने निळ्याचा डबा उचलला, स्कूटरवर ठेवला आणि तो निघून गेला. परंतुच्या पुढचे सगळे मी बाईंना ऐकवले. त्यांनी चहा मागवला, मग दुसरा मागवला, आणि शेवटी पिवळ्याला संमती दिली. विजयी होऊन घरी पोचलो, तर बॉनेट निळे झाले होते.

"सर, तुम्हीच तर म्हणालात!" मिस्त्री म्हणाला. मी त्याला नियम समजावला. पॉलिश पेपर शोधता शोधता त्याने विचारले, "म्हणजे मॅडम लग्नाला हो म्हणाल्या, त्या आधी नाही म्हणूनच का?" तिने खरोखरच आधी नकार दिला होता, पण तेव्हा हा नियम अस्तित्वात नव्हता, आणि तो नकार मनापासूनचा होता. ही माहिती मिस्त्रीच्या कामाची नसल्यामुळे मी त्याला पुरवली नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ते निळे बॉनेट सुंदर दिसत होते. वादात हरलेली बाजूच बरोबर होती की काय, अशी शंका मला आली, आणि मिस्त्रीला मी थोडे थांबायला सांगितले. मग त्याने सीट काढली. सीटखालच्या लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे कधी ऊन पोचले नव्हते, तिथे पिवळ्याचा तळहाताएवढा तुकडा शिल्लक होता. लावला त्या दिवशी होता तसा. तुला ठाऊक आहे, डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचे चष्म्याशिवाय दिसते. म्हणजे तुझ्या आईने माझ्यासाठी निवडलेला तो रंग मी तोवर स्वच्छ डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तो भयंकर आहे, वकीलसाहेब. इतका निर्लज्ज, इतका आरडाओरडा करणारा पिवळा मी आयुष्यात पाहिलेला नाही. आमच्या संसाराची इतकी वर्षे ती बाई त्या रंगावर बसून साऱ्या शिवारासमोर वावरली, आणि मला पत्ताही लागू दिला नाही. मी एवढ्या मोठ्याने हसलो की मिस्त्री हातातले पाने टाकून धावत आला. त्याला वाटले, मला काहीतरी झाले. ते बरोबरच होते.

ती पट्टी घेऊन मी दुकानात गेलो. बाई पिवळ्यात नारिंगी थेंबाथेंबाने सोडत होत्या आणि मी पट्टी डब्याशेजारी धरून होतो. "अजून?" "अजून." "सर, गिऱ्हाइकं मला वेड्यात काढतील." "अजून एक थेंब." शेवटी दोन्ही पिवळ्यांतला फरक दोघांनाही सांगता येईना, तेव्हा बाईंनी झाकण ठोकले आणि म्हणाल्या, "घ्या. आता हा ट्रॅक्टर विमानातूनही दिसेल."

रंग वाळल्यावर मिस्त्रीला मागच्या चाकाचा आवाज तपासायचा होता. त्यासाठी त्याने बाजूने चालायचे आणि दुसऱ्या कोणी चालवायचे. दुसरा कोणी म्हणजे मी. "सर, चढा. फक्त क्लच हळू सोडा." त्या ट्रॅक्टरवर मी नेहमी मडगार्डवर बसत आलो, सीटवर कधीच नाही. ती जागा तिची होती, आणि मला ती कधी हवीही नव्हती. मी चढलो. क्लच हळू सोडला नाही. ट्रॅक्टरने उडी मारली आणि मी ओरडलो. मिस्त्रीच्या मते भीतीने, माझ्या मते आनंदाने. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. बांधापर्यंत गेलो, वळलो, परत आलो आणि न थांबता पुन्हा निघालो, कारण थांबवण्याविषयी मिस्त्रीने अजून काही सांगितले नव्हते. कुंपणापाशी शेजारी येऊन उभा राहिला होता. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्याने आरोळी ठोकली, "सर, चहा कुठाय?"

आता मी रोज सकाळी चालवतो. थांबवायला शिकलो आहे. घरामागचा लहान तुकडा मी स्वतः नांगरला. रेघा वाकड्या आल्या, जावईबापूंच्या फळीशी त्यांचे चांगले जमेल. शेजारी कुंपणावर रेलून चुका सांगतो, आणि एवढ्या चुका काढून घेण्याची सवय नसल्यामुळे मला त्यात फार मजा येते. संध्याकाळी अंगाला डिझेलचा वास असतो, गाढ झोप लागते, आणि सकाळी उठायला कारण असते.

तू हे केव्हाच ओळखले असशील. तुझी बाजू मी सुरुवातीलाच इतक्या निष्ठेने मांडली, तेव्हा माझी बाजू दुसरी आहे हे तुला कळणारच. तू माझ्याच तालमीत तयार झालीस. मला इथेच राहायचे आहे. पण वचन मी मोडणार नाही, आणि 'रंगाचा अजून एक हात द्यायचा आहे' असली पळवाटही काढणार नाही. वचनातून सोडवण्याचा अधिकार ज्याला ते दिले त्याचाच असतो, म्हणून हे पत्र. मागच्या पायरीला कठडा बसवून घेतला आहे, घराची दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे दिली आहे, आणि रोज दिवेलागणीला फोन मी करीन, तू नव्हे. तुझ्या धास्तीचे हे पूर्ण उत्तर नाही, हे मी जाणतो. म्हणून निर्णय तुझ्यावर सोपवतो आणि एक कसोटी सुचवतो. माझे जुने डोळे तू घेतलेस. चष्मा काढला की तुला भिंत आणि दार सारखेच. येत्या सुट्टीत ये. रस्त्याच्या वळणावर गाडी थांबव, चष्मा काढून हातात घे आणि शेताकडे बघ. मी दिसलो नाही तर माझी बॅग भरलेली आहे. एकदाही 'परंतु' न म्हणता तुझ्या गाडीत बसेन. दिसलो, तर मला सोडव. तेव्हा शेजारीही त्याच्या शेतात ट्रॅक्टरवर असेल, म्हणून कसोटी अधिक काटेकोर करतो: येताना किटलीत चहा घेऊन ये, आणि तो बरोबर माणसाला नेऊन दे.

निकालाची वाट पाहत, सीटवर बसलेला,
तुझाच
बाबा