दस्तुरीवरचा माणूस बँकॉकला

४ फेब्रुवारी, मुंबई एअरपोर्ट
निघालो. एकटा. मेव्हणा प्रवीण म्हणत होता, आमच्या टूरबरोबर दोघं चला. मला टूर? माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर टूरिस्ट गटवण्यात उभी जवानी गेली माझी! बायको छाया म्हणाली, तुमाला एकट्याला नाय जमायचं. शेवटी पैज लागली. झोपलेल्या बुद्धाबरोबर फोटो आणला तर पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर येणार, नाहीतर प्रवीणच्या टूरबरोबर. हॉटेल प्रवीणनेच बुक केलंय. पिकअपचं काहीतरी सांगत होता, मी ऐकलं नाही.

५ फेब्रुवारी, बँकॉक. सकाळ
जो हसत पुढे येतो तो एजंट. (मी हसतच जातो.) बाहेर पडतो तर एकजण हसत पुढे. हातात बोर्ड, बोर्डवर माझं नाव! इथली गँग फारच पोचलेली. म्हणे हॉटेलने पाठवलंय. अरे, हे वाक्य माझं! मान वळवली आणि सुटलो. तो मागे पळत आला. मी आणखी जोरात.

संध्याकाळी
हॉटेल सापडलं. शहर पायी बघायचं हे आधीच ठरलं होतं, असं आत्ता ठरवलं. इथे कोणी हॉर्न वाजवत नाही. संशयास्पद.

६ फेब्रुवारी
बुद्धाच्या देवळाशी. गार्ड म्हणाला, हे दार बंद, पलीकडून जा. हसूच आलं. पॉइंट बंद आहे, दुसरीकडून नेतो, हे मी रोज सांगतो. बंद दारासमोर ठिय्या दिला. कंटाळून उघडतील. नाही उघडलं. दिवसभर लोक पलीकडे जात होते. एवढी माणसं फसताना बघून वाईट वाटलं.

७ फेब्रुवारी, शेवटचा दिवस
नवी आयडिया. जो आपल्याकडे बघत नाही तोच प्रामाणिक. एक टुकटुकवाला तोंडावर टोपी टाकून झोपला होता. हलवून उठवला. बुद्ध म्हटलं, टेलरकडे नेलं. टेलर अजिबात हसत नव्हता. सूट शिवला. तोवर विमानाची वेळ झाली, थेट एअरपोर्ट.

९ फेब्रुवारी, कर्जत
फोटो दाखवला. भिंत आहे. बुद्ध पलीकडे आहे, झोपलेलाच आहे, उठून कुठे जातोय, हे समजावलं. छाया उठली. आत जाऊन प्रवीणला फोन लावला. मग विचारलं, सूट कुठं घालणार, भाजीला जाताना?

२ मार्च, दस्तुरी नाका
बँकॉकहून छायाचा फोटो आला. मागे बुद्ध, डोक्यापासून पायापर्यंत. शेजारी हसणारा तो बोर्डवाला! हॉटेलचाच ड्रायव्हर निघाला. छायाचा निरोप: हा इचारतोय, तुमचा माणूस का पळाला? दुपारपातूर उभा व्हता बिचारा. काय सांगू याला?
अख्ख्या बँकॉकमध्ये माझी वाट बघणारा एकच माणूस होता. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.
चारच्या सुमारास आमच्या हॉटेलचं गिऱ्हाईक आलं. एकटा गडी, पाठीला बॅग. त्याच्या नावाचा बोर्ड धरून मी हसत पुढे झालो.
त्याने मान वळवली आणि सुटला.