रोझारिओची खुर्ची

ब्रुकलिन, नोव्हेंबर १९७१

चि. नुन्झिओ,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही.

तू टोळीचा म्होरक्या झालास, तेव्हा मला सल्लागार तू नाही केलंस, सगळ्या माणसांनी मिळून केलं. का, तर गास्पारेमामा तोंडावर ‘नाही’ म्हणतो. काल तू म्हणालास, “मामा, रोझारिओला रविवारी जेवायला घेऊन या. तुमच्याशिवाय तो कुणाच्या शब्दावर घराबाहेर पडायचा नाही.” मी विचारलं, “आणि जेवण झाल्यावर?” तू पावाचे तुकडे करत बसलास. तो आपल्याच टोळीतला; त्याने तुला चारचौघांत उलट उत्तर दिलं, एवढाच त्याचा गुन्हा.

तीस वर्षं मी ज्याला ज्याला ‘ये’ म्हटलं, तो आपल्या पायांनी घरी परत गेला.

आज सकाळी रोझारिओकडे गेलो. थंडी येतेय म्हणून तो अंजिराच्या झाडाला गोणपाट गुंडाळत होता. मी दोरी धरली आणि म्हटलं, “रविवारी येऊ नकोस. बायकोला घे आणि आजच शहर सोड.”

“मग तुमचं काय?”

“गाठ नीट मार,” मी म्हटलं.

आपल्यात कागदावर काही लिहायचं नसतं, हे मीच तुला शिकवलं. म्हणून हे पत्र लिहून झालं की शेगडीत जाईल, आणि रविवारी एक वाजता रोझारिओच्या खुर्चीवर मी बसेन. शिंपल्यांवर चीज किसू नकोस, मासळीवर चीज आपल्यात घालत नाहीत, माझ्या बहिणीने तेवढं तरी वळण लावलं असेल. आणि त्यानंतर कुणाला जेवायला बोलवायचं झालं, तर स्वतःच्या शब्दावर बोलावून बघ, कोण येतं ते.

अजून तरी तुझा मामा,
गास्पारे