न बघता म्हटलेलं 'चेक'

आप्पा, ब्रह्मा घाटावरच्या आपल्या खोलीत, तुम्ही मुलांना वेदाची संथा द्यायचात त्याच चटईवर बसून लिहितेय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी हवाई दलात हेलिकॉप्टर उडवायला शिकत होते, तेव्हा सुट्टीत माझी तयारी तुम्हीच इथे करून घेतलीत. उड्डाणापूर्वी तपासायची इंग्रजी यादी देवनागरीत उतरवून घेतलीत आणि विद्यार्थ्यांना सांगावी तशी एकेक ओळ सावकाश म्हणू लागलात. मी भराभर 'चेक, चेक' म्हणत सुटले, तर तुम्ही कागद खाली ठेवलात. "पाठ आहे म्हणून पळू नकोस. न बघता हो म्हणणं म्हणजे खोटंच बोलणं." असा राग आला होता मला! पण त्यानंतर मी कधी न बघता 'चेक' म्हटलं नाही. निदान कॉकपिटमध्ये तरी नाही.

तुमची नात आता सात वर्षांची आहे. तिचे बाबाही फौजेत, लांब. म्हणून ती इथे आजीपाशी राहते. मी रोज सकाळी तळावरून फोन करते आणि, हसाल तुम्ही, तिचीही यादीच घेते. दप्तर? चेक. पाण्याची बाटली? चेक. दूध प्यायलं? चेक. दोन मिनिटांत फोन संपतो आणि मी निर्धास्त उडते. या सुट्टीत आईने हळूच सांगितलं, दूध रोज तसंच राहतं. काल शेजारच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर मी पोरीला जरा दरडावूनच विचारलं. ती खाली बघत, इथल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाली, "तुला उडायचं असतं ना. टेन्शन नको, इसलिए." मी तिला पोटाशी धरलं. रागवायला मला तोंडच नव्हतं. तुम्ही फोनवर 'जेवलीस का' विचारायचात, तेव्हा मीही उपाशीपोटी हो म्हणायचे.

डोंगरातल्या तळावर दोन वर्षं एकटीने जायचं, की जमिनीवरचं काम घेऊन हिला जवळ ठेवायचं, ते काल रात्रीपर्यंत कळवायचं होतं. मी जमिनीवरचं काम मागितलं. आनंदाने मागितलं, असं आईला सांगितलं. तुम्हालाही तसंच लिहिणार होते, पण तुम्ही कागद खाली ठेवला असतात.

हे पत्र तुमच्या अक्षरातल्या त्या यादीत घडी करून ठेवते. पोर उठलीय; आज दूध प्यायली की नाही, ते समोर बसून बघणार आहे. तिला जवळ ठेवायचंय, हे खरं आहे. आणि मला उडायचंय, आप्पा, अजून खूप उडायचंय.