पेवातलं रडू

१२ जून १९५८, जळकोट

पोचलो एकदाचे! सोलापूरच्या मोटारीनं ऐन दुपारी सडकेवर उतरवलं. ट्रंक, वळकटी आणि माझी शिवणाची पेटी घेऊन आम्ही उभे, तोच घरमालक महालिंगप्पा बैलगाडी घेऊन हजर. ह्यांची इथल्या शाळेत नेमणूक झाली आहे. महालिंगप्पांनी मागच्या अंगाच्या दोन खोल्या सारवून ठेवल्या होत्या. गूळपाणी देऊन म्हणाले, “अक्का, घर तुमचंच समजा.” परक्या गावात कुणी अक्का म्हटलं की किती बरं वाटतं!

मला सातवा सरत आलाय. आई लहानपणीच गेली, त्यामुळं बाळंतपणाला माहेर नाही. सासूबाई बार्शीहून येणार आहेत. खिडकीतून हैदराबादकडं जाणाऱ्या मालमोटारी दिसतात. संध्याकाळपर्यंत दोन झबली बेतली. एकाला निळी किनार लावीन म्हणते.

३ ऑगस्ट

सासूबाई आल्या, डिंक-खारीक घेऊन. महालिंगप्पांच्या शेतावरच्या दगडाबाई रोज पाठीला तेल लावायला येतात. पन्नाशीच्या असतील. बोलतात भरभरून आणि हसतात त्याहून जास्त. आज पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “लई चळवळ्या हाय. मास्तरीणबाई, तुमाला झोपू देनार न्हाय ह्यो.” आम्ही तिघी हसलो. ह्यांनी शाळेतून येताना पेरू आणले. सुख सुख म्हणतात ते हेच असणार.

२९ ऑगस्ट

मुलगा झाला. फार त्रास झाला, पण सुखरूप आहोत. ह्यांनी शाळेत साखर वाटली. सासूबाईंनी त्याला माझ्या कुशीत ठेवला तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मी हसले. आत काहीच हललं नाही. कुणाचं तरी मूल कुणी सांभाळायला दिलंय, असं वाटलं. थकवा असेल.

६ सप्टेंबर

झोप नाही. बाळ झोपलं तरी मला नाही. डोळे मिटले की छातीत काहीतरी धावत सुटतं.

दुपारी तो पाळण्यात शांत झोपला होता, माझ्या समोर, ओठ मिटलेले. आणि अंगणातून तान्ह्याचं रडू आलं. बाहेर गेले. गोठ्याशेजारी जमिनीत एक शिळा आहे, कडेनं मातीनं लिंपलेली. रडू तिच्या खालून येत होतं. महालिंगप्पांना विचारलं, तर म्हणाले, ते पेव आहे, जमिनीखालचं कोठार. सुगीनंतर त्यात ज्वारी भरली, तेव्हापासून उघडलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या कानात वारं शिरलंय. त्यांनी माझे कान फडक्यानं घट्ट बांधले.

बांधल्या कानांनीही ऐकू येतंय.

१४ सप्टेंबर

आता रोज येतं. माझा पान्हा त्या रडण्यानं फुटतो. पाळण्यातल्याच्या रडण्यानं नाही.

पाळण्यातला माझा नाही. माझ्याकडं टक लावून बघतो, जाणत्या माणसासारखा. मला कळलंय हे त्यालाही कळलंय. ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग सासूबाईंना हाक मारली. सासूबाईंनी तुळजापूरचा अंगारा लावला आणि म्हणाल्या, हे सटवाईचं काम, चार दिवसांत उतरेल.

१९ सप्टेंबर

आज महालिंगप्पांनी ज्वारी काढायला पेव उघडलं. आंबूस, गरम वाफ आली. त्यांनी सगळ्यांना मागं सारलं, म्हणाले, आत कुणी वाकायचं नाही, पेवातल्या हवेनं माणूस उभ्या उभ्या मरतो. त्यांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. कंदील विझला. हवा जाईपर्यंत आठवडाभर तसंच ठेवणार, वर नुसती फळी.

कंदील विझला तेव्हा खालून कुणीतरी स्पष्ट म्हणालं — आई.

तान्हं मूल बोलत नाही. एवढं मला कळतं. तरी ऐकलं. त्याला खाली सोड, मग मी वर येतो, म्हणालं.

२१ सप्टेंबर

दगडाबाईंना सगळं सांगितलं. खालचा आवाज काय सांगतो तेही. त्या पळून जातील असं वाटलं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. “तुमी वाईट न्हाईत, मास्तरीणबाई. तुमाला बरं न्हाय. ह्याला काय म्हनत्यात मला ठावं न्हाय, पर एकटं सोडनार न्हाय म्या.”

मी त्यांना शपथ घातली. मी कितीही गोड बोलले, हसले, बरी झाले म्हणाले, तरी बाळ माझ्या हाती देऊ नका. त्यांनी भवानीची आण घेतली.

ह्यांना त्यांनीच सांगितलं. हे पांढरेफटक पडले. नळदुर्गहून डॉक्टर आणले. डॉक्टर म्हणाले, काही बायकांना बाळंतपणानंतर असं होतं. उपचार सोलापूरला होतील. तोवर हिला एकटं ठेवायचं नाही.

बरी होते, असंही म्हणाले. मी पुन्हा पुन्हा विचारलं.

२३ सप्टेंबर

दगडाबाई दारात घोंगडं टाकून बसतात. पाजायला आणतात तेव्हा त्याच्याखाली त्यांचा हात असतो. त्यांचा हात असला की खालचा आवाज बारीक होतो. थांबत नाही. बारीक होतो.

उद्या हे गाडी आणणार. उद्या — फक्त उद्यापर्यंत —

२४ सप्टेंबर

हे गाडीसाठी नळदुर्गला गेले. महालिंगप्पा शेतात. दगडाबाईंच्या लेकाला विंचू चावला, बोलावणं आलं. जाताना सासूबाईंना दहादा बजावलं. लगेच येते म्हणाल्या.

त्या गेल्या आणि मी उठले. न्हाले. वेणी घातली, कुंकू लावलं. सासूबाईंना म्हणाले, आई, आज किती बरं वाटतंय, द्या ना त्याला जरा. तोंड माझं होतं. बोलणारी मी नव्हते. मी आतून ओरडत होते, देऊ नका —

सासूबाई आनंदानं रडल्या. त्याला माझ्या मांडीवर दिला. नारळ फोडायला मारुतीला गेल्या.

घरात कोणी नाही.

अंगणात लख्ख ऊन. फळी बाजूला आहे. मी सरकवली? आठवत नाही.

आई. आई. आई. — खालून.

पदर खिडकीच्या गजाला बांधलाय. गाठीवर गाठ. पण गाठी मीच मारल्यात. मला सोडवता येतात.

त्यानं माझं बोट धरलंय. गरम आहे मूठ. पाळण्यातला — नाही, माझा — माझाच असेल तर? देवा, माझाच असेल तर —

लिहितेय तोवर हात वहीवर आहे. लिहीत राहायचं. काहीही. ज्वारी. झबलं. निळी किनार. ज्वारी.

डावा हात गाठीवर गेला. मी नेला नाही.

एक गाठ सुटली.

पावलं वाजली. दगडाबाई? हाक मारतेय, आवाज फुटत नाही. दुसरी गाठ — कडी वाजली — दगडाबाई, आधी बाळ घ्या, मला नंतर, आधी बा