टोळ उन्हात चालतात

३ जून

पोहोचले एकदाची. डांबरी रस्ता संपल्यावर मातीचा रस्ता इतका लांब असेल असं वाटलं नव्हतं. मागच्या सीटवरचं कलिंगड घरंगळून फुटलं आणि माझी उशी भिजली. पण शेवटच्या वळणावर पाणी दिसलं आणि रागच गेला. डाव्या हाताला नदी, उजवीकडे धरणाचा जलाशय, आणि मधे जिभेसारखी पाण्यात घुसलेली जमीन. हेच हेरन टोक. टोकावर दोन खोल्या, कोंबड्यांचं खुराडं, तरंगता धक्का आणि त्याला बांधलेली वल्ह्यांची नाव. जिभेच्या मुळाशी पाण्याची चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर फळ्यांचा पूल. गाडी पुलाअलीकडेच ठेवायची. मागे सगळ्या उघड्या टेकड्या, सेजच्या राखाडी झुडपांनी भरलेल्या.

काम सोपं आहे. इथून निघणाऱ्या तीन पायवाटा उन्हाळाभर नीट ठेवायच्या, आणि येणाऱ्यांना पाणी भरून घ्या, साप बघून पाय टाका एवढं सांगायचं. गेल्या वर्षीसारखं नॅम्पा शहरातल्या साखर कारखान्यात बीटच्या कुजक्या चोथ्यात उभं राहण्यापेक्षा हे स्वर्ग.

सोबतीला ओसाबा. आमच्यात, बास्क लोकांत, काकाला आणि मामाला ओसाबाच म्हणतात. हे आईचे चुलतभाऊ, पण अख्खा जिल्हा त्यांना ओसाबाच म्हणतो. तरुणपणी याच टेकड्यांत मेंढ्या राखल्या. सत्तरी उलटली तरी मिशी काळी करतात. माझे नवे बूट बघून म्हणाले, "कोणाच्या लग्नाला निघालीस, ईडोया?" मग लसूण घातलेलं कोकराचं कालवण आणि लोखंडी भांड्यात भाजलेला पाव वाढला. पोट फुटेस्तोवर जेवले.

६ जून

वरच्या कड्याची पायवाट साफ केली. वाटेत एक टोळ दिसला, मग आणखी. अंगठ्याएवढा, तांबूस तपकिरी, तुकतुकीत, पंख नाहीतच. मादीच्या मागे सुरीसारखं शेपूट असतं, त्याने ती मातीत अंडी घालते. एक माझ्या कुदळीच्या दांड्यावर चढला आणि जिथे माझा घाम लागला होता तिथे लाकूड चाटत बसला. झटकला तर त्याचा एक पाय दांड्याला चिकटूनच राहिला.

ओसाबांना सांगितलं, तर हसले. लहानपणी त्यांनी यांची मोठी धाड पाहिली होती. त्यांच्या आईने कुंपणावरचे कपडे काढायला उशीर केला आणि सदऱ्यांच्या फक्त काखा खाल्लेल्या निघाल्या. यांना मीठ लागतं आणि मांस लागतं, झाडपाल्याने भागत नाही. थवा पुढे का चालतो ते माहीत आहे का, म्हणाले. मागचा चावतो म्हणून पुढचा चालतो. थांबला की संपला. हे सांगता सांगता त्यांनी एक पकडला, तव्यावर लोण्यात परतला आणि कुरकुर करत खाल्ला. मिशीत पाय अडकला होता. मी उठून बाहेर गेले.

९ जून

आज थवा आला. ऊन चढलं तशी समोरची टेकडी सरकायला लागली असं वाटलं. पायवाट दिसेनाशी झाली. पाऊल टाकलं की भाजलेल्या शेंगांवर पडल्यासारखा आवाज, आणि बुटाच्या कडेने पिवळट चीक वर येतो. चिरडलेल्याला बाकीचे लगेच घेरतात. तो अजून हलत असतो.

सकाळी गेलेलं एक जोडपं धावतच खाली आलं. बाईच्या केसांत टोळ, आणि ती हात न लावता उभी राहून रडत होती. नवऱ्याने सांगितलं की वर एक बिज्जू, कुत्र्याएवढा बिळात राहणारा प्राणी, मरून पडलाय, त्याला लोकर फुटल्यासारखं दिसलं म्हणून काठीने ढोसलं, तर ती लोकर उठून चालायला लागली. मी बाईचे केस विंचरून दिले. कंगवा नंतर पाण्यात फेकला.

ओसाबांनी रेडिओवरून धरणाच्या कचेरीला कळवलं. फोनला इथे रेंज नाही, जे काय बोलायचं ते रेडिओवर. पायवाटा बंद केल्या, महिनाअखेरपर्यंत इकडे कोणी फिरकणार नाही. सूर्य कलला तसा थवा थांबला. झुडपांवर गच्च चिकटून बसलेत, द्राक्षांच्या घडासारखे. गार पडलं की हे हलत नाहीत, एवढंच बरं.

११ जून

कोंबड्या दिवसभर टोळ खातात. गळ्याखालच्या पिशव्या लोंबायला लागल्यात, धड चालवत नाही. सकाळी अंडी फोडली तर बलक तपकिरी, आणि वास असा की बीटचा चोथा परवडला. ओसाबा म्हणाले, "नाक दाबून खा, पोरी. पौष्टिक आहे." त्यांनी खाल्ली. मी कोरडा पाव खाल्ला, आणि त्यालाही तोच वास येत होता. माझ्या हातांनाही येतो. साबणाने तीनतीनदा धुऊन झाले.

१२ जून

किराणा आणायला दोघं निघालो. चढावर रस्ता टोळांनी भरलेला, चाकाखाली चिरडून त्याचा लगदा झालेला. तेलावर सरकावी तशी गाडी मागे सरकली आणि चरात कलंडली. ओसाबा बघायला उतरले आणि त्याच लगद्यात घसरून पडले. उजवा घोटा विचित्र वळला, कातडी सोलवटून आतलं लाल दिसायला लागलं. त्यांना खांद्यावर टेकवून टोकापर्यंत आणताना मी दोनदा ओकले. त्यांच्या अंगावर चिकटलेले टोळ माझ्या मानेवरून चालत होते आणि माझे दोन्ही हात अडकलेले.

घोट्याला पट्टी गुंडाळून वरून फळ्या बांधल्या. मी रेडिओ घ्यायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. गेल्या हिवाळ्यात ते एकदा पडले होते. पुन्हा पडलात तर घरी बसवू, असं कचेरीने तेव्हाच बजावलंय. "घरी कुठे, पोरी? मुलाच्या गॅरेजवरच्या खोलीत. खिडकीतून पार्किंग दिसतं." आठवडाभरात सूज उतरेल, तोवर तोंड उघडायचं नाही, म्हणाले. मग रेडिओवर स्वतःच बोलले. इथे सगळं झकास, जेवणाचे हाल नाहीत, भाचीच्या हाताला चव नाही एवढंच. पलीकडचा माणूस हसला. मी ओसाबांच्या पायाखाली उशी सरकवली.

१३ जून

ओसाबांच्या सांगण्यावरून पुलाच्या फळ्या काढल्या. आता टोक म्हणजे बेट झालं. टोळ पाणी ओलांडत नाहीत, म्हणाले. पोहता येत नाही त्यांना. खरं आहे. दुपारी पलीकडच्या काठावर आले आणि मागच्यांच्या रेट्याने पाण्यात पडत गेले. पडतात, तडफडतात, बुडतात. ओसाबा दारात खुर्ची टाकून बघत होते, नाटक बघावं तसे.

बुडालेले तळाला जात नाहीत. तरंगतात.

१५ जून

रेडिओ मुका. छपरावर चढून पाहिलं. अँटेनाच्या तारेवरचं रबर कुरतडून खाल्लंय, तांबं उघडं पडून तुटलंय. म्हणजे आधी आलेले काही अलीकडेही आहेत. शोधले आणि सापडले तेवढे झाडूने पाण्यात ढकलले.

ओसाबांना सांगितलं की पाय बरा होवो न होवो, उद्या मी डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाते. ते नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. त्यांचं कपाळ तापलंय.

१६ जून

जाता आलं नाही.

पुलाखालच्या पट्टीतलं पाणी दिसत नाही. मेलेल्यांचा थर जमलाय, पिठल्यासारखा, ऊन लागून फुगतो आणि त्यातून बुडबुडे फुटतात. सकाळी त्यावर जिवंत चालत आले. आधी एकेक. दुपारपर्यंत भिंती दिसेनात. खिडकीच्या काचेला आतून ओला टॉवेल लावलाय. काचेवर त्यांची पोटं दिसतात, पांढरट, धापा टाकणारी.

आवाज बंद होत नाही. हजार लोक सुपारी चावत बसल्यासारखा.

१७ जून

कोंबड्या गेल्या. खाऊन खाऊन जागेवर बसल्या होत्या, उठता येत नव्हतं. टोळांनी पिशव्यांपासून सुरुवात केली असावी. एक अजून डोळे मिचकावत होती. मी तिची मान मुरगळली. हाताला पिसांऐवजी टोळच लागले.

ओसाबा म्हणतात घोट्याला खाज येतेय. खाज म्हणजे बरं होण्याचं लक्षण, म्हणतात. पट्टी सोडू देत नाहीत.

१८ जून

पट्टी सोडली.

दोन होते. लहान. जखमेच्या कडेला, शांतपणे खात —

चिमट्याने काढले. एकाने सोडलं नाही, डोकं तिथेच राहिलं. ओसाबा ओरडले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "गॅरेजवरची खोली वाईट नाही ग. पार्किंगही बघायला मजा असते." मग म्हणाले, "माझंच चुकलं. तू जा." मी त्यांना गप्प बसा म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

ठरलं. उद्या ऊन चढायच्या आत नाव काढायची. धरणाच्या भिंतीवर माणसं असतात. गारठ्यात टोळ हलत नाहीत, तेवढ्यात जलाशयाच्या मध्यावर पोहोचलं की झालं. अंधारात नाव हाकता येणार नाही आणि इथे दार बंद ठेवता येतं, म्हणून रात्र इथेच.

१९ जून, पहाट

नावेत आहोत. त्यांना घोंगडीत गुंडाळून धक्क्यापर्यंत ओढत आणलं. टोळ सगळीकडे, गारठून चिकटलेले, सोलून काढावे लागतात. ओसाबांना पुढच्या बाजूला झोपवलं, वर ताडपत्री टाकली. थंडी वाजत होती त्यांना. ताडपत्री रात्रभर धक्क्यावर पडलेली होती. झटकली मी. झटकली नीट.

रात्री वारा आमच्या दिशेने होता. सगळा थर लोटत धक्क्याभोवती आणलाय. वल्हं रुततं, मळलेल्या कणकेत रुतावं तसं. वर काढलं की लोंबतात.

थोडं पुढे सरकलो. थोडंच.

तासाभराने

एक वल्हं हातून निसटलं. दांड्याला चीक होता. समोरच दिसतंय, आडवं, थरावर पडलंय, बुडतसुद्धा नाही. एकाने नाव गोल फिरते. हाताने वल्हवायचा प्रयत्न केला, हात कोपरापर्यंत आत गेला, खाली गरम आहे. गरम.

लिहितेय कारण बसून काय करू. वारा फिरला की सुटू. ओसाबा ताडपत्रीखालून बोलतात. मेंढ्यांची नावं सांगतायत. मधेच हसले.

ऊन

कड्यावर ऊन आलं. काठ हलायला लागला. थरावरून येतायत. सावकाश. पडत नाहीत आता, बुडायला जागाच नाही.

ओसाबांना विचारलं, घोट्याला कसं वाटतंय. म्हणाले, "खाज थांबली, पोरी." बरं वाटलं मला.

नावेच्या कडेवर पहिला. ढकलला. दुसरा. बोटाला चावला, रक्त आलं, आता सगळे त्या बाजूने —

एका हाताने लिहिते. दुसऱ्या हातात वल्हं, ठेचते आहे. नावेत लगदा —

ओसाबा गप्प आहेत. झोपले असतील. ताप आहे, झोप लागलेली बरी. ताडपत्री वरखाली होते आहे, दिसतं मला, म्हणजे श्वास चालू आहे. छाती वरखाली होते आहे.

पण पायाशीही होते आहे.

हाक मारली. पुन्हा मारली. ताडपत्री जोरात हलते आहे, सगळीकडून, आणि तो आवाज, तो सुपारीचा आवाज बाहेरून नाही येत, तो

कोपरा धरलाय. उचलते. ओसाबा, मी उचल —